वाघजाई, वेताळ आणि अरण्यकन्या : पाहण्याच्या नीतीचा एक प्रश्न

ली फॉक या अमेरिकन लेखकाने १९३६ साली निर्माण केलेला ‘फँटम’ हा बुरखाधारी अरण्यनायक १९६४ साली सुरू झालेल्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधून भारतीय वाचकांच्या हाती आला, आणि मराठीत येताना तो ‘वेताळ’ झाला. हे नामांतर वरवर पाहता अनुवादकाची एक सोय वाटते. प्रत्यक्षात त्यात एक सांस्कृतिक स्थलांतर दडलेले आहे. सातारा-सांगलीच्या गावांतून वेताळ हा गावकुसाबाहेरचा, शेंदूर फासलेल्या दगडाच्या रूपातला, भुताखेतांचा अधिपती म्हणून परिचित होता. कराड किंवा तासगावच्या एस. टी. स्थानकावरच्या पुस्तकविक्रेत्याकडून चित्रकथा घेणाऱ्या मुलाला कवटीच्या सिंहासनावर बसलेला हा गोरा पुरुष परका वाटू नये, याची व्यवस्था त्या एका नावाने करून ठेवली. मूळ चित्रमालिकेतील ‘बंगाली’ हा देश भारतीय आवृत्तीत ‘डेंकाली’ झाला तो वेगळ्या कारणाने; तेथे उलट, ओळखीचे नाव अनोळखी करून भूगोल दूर सारण्यात आला. देश दूर गेला, देव जवळ आला.

वेताळाची प्रेयसी, पुढे पत्नी, डायना मात्र डायनाच राहिली. तिला जाखाई, जोखाई, वाघजाई यांपैकी कोणतेही नाव मिळाले नाही. योगायोग असा, की ‘डायना’ हे रोमन पुराणातील मृगयेच्या आणि अरण्याच्या देवतेचे नाव आहे. म्हणजे अनुवादाला जी रानदेवता शोधावी लागली असती ती मूळ नावातच उपस्थित होती, आणि तरी ती कोणाला दिसली नाही. अरण्यातल्या पुरुषाला देशी दैवत लाभते आणि अरण्यातल्या स्त्रीला लाभत नाही, ही विषमता अपघाती मानून पुढे जाता येईल. पण अरण्यकन्या या आदिबंधाचा विचार करू लागल्यावर ती अपघाती वाटेनाशी होते. ज्या चित्ररूपात ही स्त्री कॉमिक्समध्ये अवतरली, त्या रूपाला देशी देवतेचे नाव चिकटणेच अशक्य होते, असे येथे सुचवायचे आहे. त्यामागे एक नैतिक प्रश्न आहे, तो असा : एखादी प्रतिमा एका वाचकाला मुक्तीचा अनुभव देत असेल आणि तीच प्रतिमा दुसऱ्या कोणाला माणूसपणातून वजा करून उभी राहिलेली असेल, तर त्या मुक्तीचा स्वीकार करणाऱ्यावर काही दायित्व येते काय?

या आदिबंधाचे सर्वांत ठळक रूप म्हणजे शीना. विल आयस्नर आणि जेरी आयगर यांच्या चित्रशाळेत ती जन्मली; १९३७ साली ब्रिटनमधील ‘वॅग्ज’ या नियतकालिकात आणि १९३८ साली अमेरिकेतील ‘जंबो कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात ती प्रसिद्ध झाली. १९४२ च्या वसंतात तिच्या नावाचे स्वतंत्र कॉमिक्स निघाले. स्त्रीनायिकेच्या नावाने निघालेले ते पहिलेच मानले जाते, ‘वंडर वुमन’च्या स्वतंत्र अंकाच्याही काही महिने आधीचे. तिच्यामागे साहित्यिक पूर्वजही होते : रायडर हॅगर्डची ‘शी’ (१८८७) आणि डब्ल्यू. एच. हडसनच्या ‘ग्रीन मॅन्शन्स’ (१९०४) मधील रीमा. तिच्यामागून न्योका, रूला, लोर्ना, जॅन अशा अरण्यकन्यांची रांग लागली. १९७२ साली मार्व्हलने शॅना आणली तेव्हा ती जुन्या साच्याचे पुनरुज्जीवन म्हणूनच आली. कथानक बहुतेकदा ठरलेले असते. संशोधक किंवा प्रवासी पित्याची गोरी मुलगी आफ्रिकेच्या अरण्यात पोरकी होते, तेथेच वाढते, प्राण्यांवर आणि माणसांवर तिची हुकमत चालते. तिच्या अंगावर चित्त्याचे कातडे असते. तिचा गोरा साथीदार संकटात सापडतो आणि ती त्याला सोडवते.

या शेवटच्या वाक्यात तिचे सारे आकर्षण आहे, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. ज्या काळात बहुतेक कथांमधील स्त्री बांधली जाण्यासाठी आणि सोडवली जाण्यासाठीच होती, त्या काळात शीना सोडवणारी होती. तिला आई नाही, मूल नाही, सासर नाही. मराठी शालेय वाचनात जिची साहसकथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली त्या हिरकणीशी तिची तुलना करून पाहावी. रायगडाचे दरवाजे बंद झाल्यावर रात्री कडा उतरून जाणारी हिरकणी शरीरबळात आणि धैर्यात कोणत्याही अरण्यकन्येहून उणी नाही. पण तिच्या धैर्याला परवानगी मिळते ती तान्ह्या मुलाच्या भुकेमुळे. वात्सल्याची मोहर नसती तर तो पराक्रम आख्यायिकेत शिरलाच नसता. कडा उतरावासा वाटला म्हणून उतरलेली बाई मराठी कल्पनाविश्वाला सहज परवडणारी नव्हती. शीनाला अशी कोणतीही सबब द्यावी लागत नाही. इस्लामपूर किंवा वाईच्या एखाद्या मुलीने भावाची कॉमिक्स लपून वाचताना या सबबीविना असलेल्या धैर्यातून काही घेतले असेल, तर ते खोटे होते असे म्हणण्याचा अधिकार समीक्षेला नाही. नीतिवादी समीक्षक येथे फार घाई करतात. फ्रेडरिक वर्थम यांनी १९५४ मध्ये ‘सिडक्शन ऑफ द इनोसन्ट’ लिहून अशी चित्रे मुलांना बिघडवतात असा गदारोळ उठवला, आणि त्याच वर्षी अमेरिकी प्रकाशकांनी स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली. त्या संहितेच्या रोखाने नायिकांचे कपडे वाढले. अरण्यातले ‘जंगली’ लोक मात्र होते तसेच निर्बुद्ध राहिले. लज्जेचा प्रश्न सुटला की नीतीचा प्रश्न सुटला, असे मानणाऱ्या दृष्टीची मर्यादा याहून स्पष्ट दिसणार नाही.

लॉरा मल्व्ही यांनी १९७५ च्या आपल्या गाजलेल्या निबंधात चित्रपटातील स्त्रीप्रतिमेची घडण पुरुषी नजरेच्या सुखासाठी कशी होते, हे दाखवले. ती मांडणी शीनाला चपखल बसते. किंबहुना इतकी चपखल, की संशय यावा. मुखपृष्ठावर ती झेप घेत असते, पण ती झेप देह जास्तीत जास्त दिसेल अशाच कोनात गोठवलेली असते. क्रिया तिची, क्षण मात्र पाहणाऱ्याने निवडलेला. तथापि एक गोष्ट या सिद्धान्ताला अवघड जाते. ‘जंबो कॉमिक्स’ काढणाऱ्या फिक्शन हाउसने युद्धकाळात अनेक स्त्री-चित्रकारांना काम दिले. व्हिएन्नाहून परागंदा झालेली लिली रने त्यांच्यापैकीच. आणि १९४४ मधील शीनाच्या एका कथेतील स्त्रियांची चित्रे मॅट बेकर या कृष्णवर्णीय अमेरिकन चित्रकाराने काढलेली आहेत. आफ्रिकेवर राज्य करणारी गोरी राणी एका कृष्णवर्णीय तरुणाच्या हातून कागदावर उतरते, तेव्हा ‘नजर कोणाची’ या प्रश्नाचे उत्तर चित्रकाराच्या लिंगात किंवा वर्णात शोधता येत नाही. नजर ही चौकटीची असते. जो त्या चौकटीत काम करतो त्याला ती उसनी घ्यावी लागते. वाचकालाही.

हाच मुद्दा फ्रान्झ फॅनन यांनी ‘ब्लॅक स्किन, व्हाइट मास्क्स’ (१९५२) मध्ये वेगळ्या बाजूने मांडला होता. मार्टिनिकमधील काळा मुलगा साहसकथा वाचताना विजेत्याच्या बाजूने उभा राहतो. लांडगा, सैतान, रानटी माणूस यांच्या जागी ज्यांना रंगवलेले असते त्यांच्याशी आपला काही संबंध आहे हे त्याला कळतच नाही. टारझनचा चित्रपट तो स्वदेशात पाहतो तेव्हा तो टारझन असतो. तोच चित्रपट युरोपातल्या प्रेक्षागृहात पाहताना आजूबाजूचे गोरे प्रेक्षक त्याला पडद्यावरच्या रानटी माणसांत ढकलून देतात. मराठी समीक्षेच्या परिभाषेत बोलायचे तर येथे साधारणीकरणाच्या सिद्धान्ताचीच कसोटी लागते. भट्टनायक-अभिनवगुप्तांच्या परंपरेनुसार रसास्वादात व्यक्तिगत संबंध गळून पडतात. भाव ‘माझा’ही नसतो आणि ‘परक्याचा’ही नसतो. फॅननच्या उदाहरणात संबंध गळत नाहीत, ते लपतात. आणि ते केव्हा उघडे पडतील हे संहितेत ठरत नाही, प्रेक्षक कोणत्या खुर्चीवर बसला आहे यावर ठरते. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी अशा ज्या दोन भूमिकांचा विस्ताराने विचार केला, त्यांपैकी अलौकिकतावादी भूमिका अशा साहित्यासमोर फारशी टिकत नाही. कलाकृती स्वायत्त आहे असे म्हणावे, तर शीनाची स्वायत्तता अगदी लौकिक अशा वर्णसत्तेच्या खांद्यावर उभी दिसते.

मग सातारा-सांगलीच्या वाचकाची खुर्ची कोणती? त्यासाठी या प्रदेशाकडे क्षणभर नुसते भूगोल म्हणून पाहिले पाहिजे. आजचा सांगली जिल्हा म्हणजे १९४९ साली वेगळा झालेला दक्षिण सातारा. त्याला सांगली हे नाव १९६० मध्ये मिळाले. दोन्ही जिल्ह्यांची ठेवण मात्र एकच : पश्चिमेला जावळी, पाटण, शिराळा या भागांत सह्याद्रीचे घनदाट रान, आणि पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, जत असा उघडा माळ. माणदेशच्या मुलाने अरण्य पाहिलेलेच नसते. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’ (१९४९) किंवा ‘बनगरवाडी’ (१९५५) मधली सृष्टी ही बाभळीची, मेंढरांची आणि अवर्षणाची आहे. पुढे ‘सत्तांतर’ (१९८२) मध्ये वानरांच्या टोळीतील सत्ताबदल आणि नव्या म्होरक्याकडून होणारी पिलांची हत्या त्यांनी जी निर्विकारपणे चितारली, तीत अरण्याला कोणतीही राणी नाही. पूर्वेकडच्या या मुलाच्या दृष्टीने जंगल म्हणजे चार रंगांत छापलेली एक जागा होती. पश्चिमेकडच्या मुलीच्या दृष्टीने ते घराच्या मागच्या दारापाशी सुरू होत होते, आणि त्या रानात तिला चित्त्याचे कातडे पांघरून झेप घ्यायची नव्हती. सरपण आणायचे होते. कॉमिक्सच्या अरण्यात नायिकेच्या हातात भाला असतो, पण डोक्यावर मोळी कधीच नसते. ती पाणी भरत नाही, तिचे पाय भेगाळत नाहीत. श्रमाची ही अनुपस्थिती सौंदर्यविषयक निवड म्हणून सोडून देता येत नाही. अरण्य हे कोणाचे तरी उपजीविकेचे ठिकाण आहे, हे सत्य तीमुळे चित्रातून पुसले जाते. अरण्य असे रिकामे करून घेतल्याशिवाय त्याची राणी होता येत नाही.

पश्चिम भागातील रानाला स्वतःची स्त्री-देवता आहे. घाटवाटांच्या तोंडाशी, देवराईत, शिवेवर वाघजाई असते. दा. ध. कोसंबी यांनी ‘मिथ अँड रिअॅलिटी’ (१९६२) मध्ये मातृदेवतांची स्थाने आणि जुने व्यापारी मार्ग यांचा जो संबंध उलगडला, त्यानंतर अशा ठाण्यांकडे केवळ अंधश्रद्धेचे अवशेष म्हणून पाहणे शक्य राहिलेले नाही. येथे महत्त्वाची आहे ती तिची रूपकल्पना. वाघजाई पुष्कळदा तांदळा असते : शेंदूर माखलेला, न घडवलेला दगड. तिला देह नाही. पण अनेक ठिकाणी त्या दगडावर चांदीचे डोळे बसवलेले असतात. देह नसलेल्या या देवतेला आवर्जून नजर दिलेली आहे. भक्त तिला पाहायला जातो असे म्हणण्यापेक्षा तिच्या नजरेखाली जाऊन उभा राहतो, हे अधिक अचूक ठरेल. आणि देवराईतली फांदीही तोडायची नाही हा दंडक त्या नजरेमुळेच पाळला जातो. शीनाची घडण नेमकी उलट आहे. तिचा देह सर्वांगाने रेखाटलेला असतो, पण तिचे डोळे सहसा चौकटीतल्या शत्रूकडे किंवा श्वापदाकडे वळलेले असतात. पाहणाऱ्याकडे ती पाहत नाही. त्यामुळे पाहणारा सुरक्षित राहतो. डायनाला वाघजाई म्हणता आले नसते त्याचे कारण येथे सापडते : एका रूपात स्त्री पाहते, दुसऱ्यात ती पाहिली जाते, आणि या दोहोंमध्ये नावाचा पूल टाकता येत नाही. वेताळाचे तसे नाही. बुरख्याआड डोळे झाकलेला फँटम आणि गावाबाहेरचा दगड हे दोघेही धाक घालतात. नाव बदलले तरी धाक अबाधित राहतो.

प्राण्यांशी असलेल्या नात्यातही हाच भेद आहे. शीना श्वापदांना आज्ञा देते. शिराळ्याच्या नागपंचमीत, जेथे जिवंत नागाच्या पूजेची प्रथा दीर्घकाळ चालत आली, बाई नागाला भाऊ मानते आणि त्याच्यासाठी उपास करते. भाऊ मानल्याने नागाचे भले होतेच असे नाही. पूजेसाठी पकडलेल्या नागाचे हाल हा त्या प्रथेवरचा साधार आक्षेप होता. तरीही एका कल्पनेत सत्ता आहे आणि दुसरीत नाते आहे, हे मान्य करावे लागते.

येथवरचे विवेचन देशी रूपाची आरती वाटण्याचा धोका आहे, म्हणून त्याला एक छेद द्यायला हवा. देवतेची नजर बाईच्या पदरात काय टाकते? वाघजाईला नवस बोलणाऱ्या स्त्रीला त्या नजरेतून स्वतःचे स्वातंत्र्य मिळाल्याचे उदाहरण सहज सापडत नाही. देवी होणे आणि माणूस म्हणून मोकळे होणे या भिन्न गोष्टी आहेत. उलट, भारतीय पडद्यावरच्या ‘फिअरलेस’ नादियाने, म्हणजे पर्थमध्ये जन्मलेल्या मेरी एव्हान्स यांनी, ‘हंटरवाली’ (१९३५) आणि ‘जंगल प्रिन्सेस’ (१९४२) मधून जे दिले ते उसने असले तरी खरे होते. तिचे केस सोनेरी आणि डोळे निळे होते. गुलाम देशातल्या प्रेक्षकाने ती गोरी आहे हे पाहिले आणि बाजूला ठेवले. हातात चाबूक घेतलेली ती बाई चौकटीबाहेर, सरळ पाहू शकत होती. फॅननचा मुलगा नकळत विजेत्याच्या बाजूला गेला होता. नादियाच्या प्रेक्षकाने तिलाच आपल्या बाजूला ओढून घेतले, असे म्हणण्यास जागा आहे. दायित्वाचा प्रश्न येथे थोडा सुटतो. प्रतिमेतून मुक्ती घेणाऱ्याने ती प्रतिमा कोणाला वजा करून उभी आहे हे ओळखले आणि त्या वजाबाकीला संमती नाकारली, तर घेणे निषिद्ध ठरत नाही. अडचण एवढीच, की दहा वर्षांच्या वाचकाकडून ही ओळख अपेक्षिणे अन्याय्य आहे. दायित्व असेल तर ते पुढे केव्हातरी, मोठेपणीच्या पुनर्वाचनात, फेडायचे ऋण म्हणून असेल.

मराठी साहित्याने या प्रदेशातील रानात कोणाला पाठवले, हेही तपासावे लागते. वाटेगावचे अण्णा भाऊ साठे यांच्या ‘फकिरा’ (१९५९) आणि ‘वारणेचा वाघ’ या कादंबऱ्यांत वारणाखोऱ्याचे डोंगर हे बंडखोराचे आश्रयस्थान आहे. पण डोंगरात जातो तो पुरुष. अण्णा भाऊंच्या नायिका तेजस्वी आहेत, अन्यायासमोर वाकत नाहीत. ‘वैजयंता’त तर त्यांनी तमाशातल्या स्त्रीला, म्हणजे जिच्याकडे पाहण्याचा हक्क गावाने विकत घेतलेला असतो तिलाच, केंद्रस्थानी आणले. त्या कादंबरीचा विचार पाहण्याच्या नीतीच्या अंगाने व्हावा तितका झालेला नाही. तरीही रान तिच्या वाट्याला आले नाही. बंडाची भूमी आणि स्त्रीची भूमी वेगळ्याच राहिल्या.

इतिहासात त्या तशा राहिल्या नव्हत्या. १९४३ ते १९४६ या काळात साताऱ्यात प्रतिसरकार चालले, त्याचे नेते क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या कन्या हौसाताई पाटील तुफान सेनेच्या कामात होत्या. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर १९४३ मध्ये त्यांनी एक नाटक केले होते. एका सहकाऱ्याने नवऱ्याच्या भूमिकेत त्यांना रस्त्यात मारहाण करायची, जीव घेण्याची धमकी द्यायची; पोलीस सोडवायला बाहेर धावतील तेवढ्यात इतरांनी आतली शस्त्रे उचलायची. बेत तडीस गेला. पुढे गोव्यातून एका सहकाऱ्याची सुटका करून परतताना मांडवीच्या पात्रातून एका लाकडी पेटीवर तरंगत त्यांनी रात्रीत नदी पार केली. २०२१ साली त्यांचे निधन झाले.

या दोन प्रसंगांपैकी दुसरा कोणत्याही चित्रकथेच्या मुखपृष्ठावर शोभला असता. सिद्धान्ताच्या दृष्टीने पहिला अधिक अवघड आहे. मार खाणारी, सोडवली जाण्याची वाट पाहणारी स्त्री ही चित्रकथेतील सर्वांत झिजलेली प्रतिमा. तीच येथे समजून-उमजून धारण केलेली आहे. पोलिसांनी जे पाहिले ते त्यांना पाहण्याची सवय होती तेच. पाहिली जाणारी स्त्री पाहणाऱ्यांच्या नजरेचा हिशेब त्यांच्याहून अधिक अचूक मांडत होती, आणि त्या नजरेच्या पाठीमागे ठाणे रिकामे होत होते. मात्र अंगावर बसलेला मार कितपत लटका होता, हा प्रश्न उरतोच. भूमिका वठवायची तर काही फटके खरे बसणे भाग होते. प्रतिमा उलटवण्याची किंमत देहालाच मोजावी लागली. चित्त्याच्या कातड्यातल्या राणीला ती कोणत्याच अंकात मोजावी लागली नव्हती.